दशघनमीटरात बसलेली म्हैस

शुक्रवार पेठ, सोलापूर
शुक्रवार, ता. १७ एप्रिल १९३६, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

काल गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या गिरणीच्या तळ्यात मधोमध कमरेइतके पाणी होते. भीमा भोई याने स्वतः आत उभे राहून ही खात्री केली, आणि मी काठावर उभा राहून भीमाची खात्री केली. आधी प्रकृती विचारायची आणि मग बाकीचे लिहायचे ही रीत मला ठाऊक आहे. पण ही बातमी एकदा कागदावर पडली म्हणजे बाकीचे सुचेल असे वाटले. तर आता विचारतो. आपला खोकला कसा आहे? गोदाक्काच्या गुडघ्याला तेलाने काही गुण आला का? जेऊरला ऊन आमच्याइतकेच असणार, पण आपली शाळा आता सकाळची झाली असेल, तेवढे बरे. आमच्याकडे सौ. प्रभा आणि मुले खुशाल आहेत. मी खुशाल आहे असे लिहिले तर खोटे होईल आणि नाही असे लिहिले तर आपण काळजी कराल, म्हणून ते कलम मोकळे सोडतो.

पत्र लिहिण्यास विशेष कारण नाही. आपल्या स्टेशनावरचा पोर्टर कुंडलिक आज कामानिमित्त इथे आला होता आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत जातो आहे. माणूस हाती आहे तर चार ओळी पाठवाव्यात, इतकेच. ओळी चाराहून जास्त होतील असे दिसते.

आमची गिरणी गावाबाहेर आहे हे आपण पाहिलेच आहे. तिचे स्वतःचे तळे आहे. त्या तळ्याच्या पाण्यावर बॉयलर चालतात, रंगखाते चालते, आणि गिरणीमागच्या चाळीला एक नळ आहे तोही चालतो. चाळीत तीनशे खोल्या आणि गिरणीत अकराशे माणसे. यंदा पाणी लवकर उतरले म्हणून मॅनेजरसाहेबांनी एक युक्ती केली. रंगखात्यात नवे यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनियर आले होते, त्यांना जाता जाता तळे मोजून द्या म्हणून सांगितले. त्या गृहस्थांनी चार दिवस भीमाच्या तराफ्यावर बसून बांबूने तळे टोचले, एकोणीस पानांचा अहवाल इंग्रजीत लिहिला आणि बोट गाठायला ते कराचीकडे निघून गेले. एकोणिसांपैकी सतरा पाने गाळाविषयी आहेत. पहिल्याच पानावर दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य आहे: तळ्याकडे पाहून पाण्याचा अंदाज करू नये, वर पाणी दिसते पण खाली गाळ असतो. या वाक्याने पुढे आमचा जो घात केला तो मी सांगतोच, पण वाक्य म्हणून ते चुकीचे नाही.

आता हे गृहस्थ सगळे मीटरमध्ये मोजतात आणि आम्ही पाणी गॅलनमध्ये पितो. म्हणून सोमवारी चार वाजता तो अहवाल माझ्या मेजावर आला. "गॅलन करा, मराठीत सारांश काढा, सहापर्यंत द्या, नोटीस लावायची आहे," असे मॅनेजरसाहेब म्हणाले. (हे मूळचे धारवाडचे. मराठी उत्तम वाचतात, पण प्रत्येक शब्दाला पुरावा मागतात. 'नमस्कार' म्हटले तरी कशाबद्दल असे विचारतील, असे आमच्या खात्यात म्हणतात.) सहापर्यंत दोन तास होते. मला वेळेची धास्ती कधी वाटत नाही. पंधरा वर्षे मी या गिरणीचे कागद वेळेवर दिले आहेत. शिवाय आपले 'दशांश मापांचे सुलभ गणित' माझ्या मेजावर कायम असते. (मेजाचा एक पाय आखूड आहे, पण आपले पुस्तक पायाखाली नसते, वर असते.)

पान ३१ आपल्याला तोंडपाठ असेलच. तरी पत्र पूर्ण व्हावे म्हणून आठवणीने उतरून देतो. लांबीची मापे दहादहाच्या पटीने कशी वाढतात ते सांगून झाल्यावर तिथे मोठ्या घनमापांचे कोष्टक आहे. डेकामीटर, म्हणजे दहा मीटर. त्याच्या घनाला आपण नाव दिले आहे दशघनमीटर. हेक्टोमीटर म्हणजे शंभर मीटर. त्याच्या घनाला शतघनमीटर. किलोमीटरच्या घनाला सहस्रघनमीटर. कोष्टकाखाली बारीक टाइपात टीप आहे: "ही नावे स्वयंस्पष्ट असल्याने मूल्ये निराळी दिलेली नाहीत. विद्यार्थ्याने नावावरून मूल्य ओळखावे."

मी ओळखले.

अहवालात शिल्लक पाणी अठ्ठावीस घन डेकामीटर होते. आपल्या नावाने अठ्ठावीस दशघनमीटर. दश म्हणजे दहा. अठ्ठावीस दाहे दोनशे ऐंशी घनमीटर. एका घनमीटरचे दोनशे वीस गॅलन (हा आकडा आपल्या पान २६ वर आहे आणि तो अचूक आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो). एकूण एकसष्ट हजार सहाशे गॅलन. गिरणी, रंगखाते आणि चाळ मिळून रोजचा खर्च साठ हजार. म्हणजे तळ्यात पाणी एका दिवसाचे, आणि वर कोणी हात धुतले तर तेवढे. मी आकडे दोनदा तपासले. दोन्ही वेळा तेच आले, आणि आपल्याला सांगतो दाजी, चुकीचा हिशेब दोनदा तपासल्यावर जितका खरा वाटतो तितका बरोबर हिशेबही वाटत नाही. पावणेसहाला कागद साहेबांच्या मेजावर होता.

साहेबांनी वाचला. टोपी काढून ठेवली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न इतका योग्य होता की मला अजून त्याची लाज वाटते. तळे बांधले तेव्हा त्यात किती पाणी मावत होते, तेही अहवालात होते: शून्य पूर्णांक चार घन हेक्टोमीटर. मी त्याचेही रूपांतर केले होते. शत म्हणजे शंभर, म्हणून चाळीस घनमीटर. साहेब म्हणाले, "बांधले तेव्हा चाळीस मावत होते, आणि आता अर्ध्याहून जास्त गाळ भरल्यावर दोनशे ऐंशी शिल्लक आहेत. हे कसे?" मी म्हणालो, "मूळ अहवालात मुद्रणदोष असावा." अहवाल हस्तलिखित होता, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. उलट पुरावा म्हणून मीच आपले पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवले, आणि हे माझ्या मेहुण्यांचे आहे असे सांगण्याचा मोह मला आवरला नाही. त्यांनी पान ३१ सावकाश वाचले आणि पुस्तक स्वतःजवळच ठेवून घेतले.

मंगळवारी सकाळी नोटीस लागली. चाळीचा नळ आणि रंगखाते ताबडतोब बंद. उरलेले पाणी फक्त बॉयलरला, रोज बारा हजार गॅलन, म्हणजे पाच दिवस पुरेल. शनिवारी दुपारी बाराच्या भोंग्याला गिरणी बंद, ती पावसापर्यंत. पुन्हा सुरू होईल तेव्हा माणसे नव्याने घेतली जातील. हे डायरेक्टरांना समक्ष सांगण्यासाठी साहेब त्याच दिवशी मुंबईला गेले.

नोटीस माझ्याच अक्षरात होती, कारण आमचा टंकलेखक रजेवर आहे. म्हणून रत्नम्मा सरळ माझ्याकडे आली. ही बॉबिन भरण्याच्या खात्यात आहे. नळाला लागून पहिली खोली तिची. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलते आणि बाहेर ज्याच्याशी भांडायचे असेल त्याच्या भाषेत. दारातच उभी राहिली.

"काय वो क्लार्कसाहेब, नोटिशीवर सही कुणाची?"

मी म्हणालो, मॅनेजरसाहेबांची.

"आन् अक्षर?"

अक्षर माझे, असे कबूल करणे भाग होते.

"मग तुमीच सांगा की. तळं दिसतंय भरल्यालं आन् नळ कोरडा. पाणी काय तुमच्या कागदात जिरलं?"

मी तिला गाळ समजावून सांगितला. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये असे खुद्द इंजिनियरसाहेबांनी लिहिले आहे, तेही सांगितले. ती म्हणाली, "न्हाई ठेवत डोळ्यावर. सून बाळंत झाली शनिवारी. तिला शेकायला, न्हायला पाणी तापवायचं, ते काय नोटीस तापवू?" आणि उत्तराची वाट न पाहता गेली. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते.

चाळीची माणसे तेव्हापासून रेल्वेरुळांपलीकडच्या विहिरीवर जातात. अर्धा मैल अंतर, पाणी मचूळ, आणि तीनशे खोल्यांना एक रहाट. बुधवारी दुपारी मी चाळीवरून गेलो तेव्हा ओट्यांवर गाठोडी बांधायचे काम चालू होते. कोणी निजामाच्या मुलखात बहिणीकडे निघाला होता, कोणी सासुरवाडीला. शनिवारी भोंगा झाला की जायचे. एकदा पांगलेली माणसे जुलैत परत येतील तेव्हा त्यांच्या मागांवर दुसरेच कोणी बसलेले असणार, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मला कोणी काही बोलले नाही. एका म्हाताऱ्याने तर बसायला पाट दिला. दाजी, त्या पाटावर मी जेवढा वेळ बसलो तेवढ्या वेळात माझ्या मनात एकदाही आले नाही की आकडा चुकला असेल. मला वाईट वाटत होते ते फक्त पाणी संपल्याचे.

काल गुरुवार. रोज संध्याकाळी तळ्यात किती पाणी उरले ते रजिस्टरात लिहायचे, असे साहेब सांगून गेले होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार मिळून छत्तीस हजार गॅलन गेले, उरले पंचवीस हजार सहाशे. सहज गंमत म्हणून (मला अशा वेळीही गंमत सुचते हा माझा दोष आहे) मी त्या पाण्याची खोली काढली. तळ्याचे क्षेत्रफळ अहवालात आहे, चाळीस हजार चौरस मीटर. भागाकार केला तर खोली आली तीन मिलिमीटर. ज्वारीच्या एका दाण्याएवढी. पंप इतक्या उथळ पाण्यातून बॉयलरला पाणी ओढतो कसा, याचे मला मोठे कौतुक वाटले आणि तो चमत्कार पाहायला मी फूटपट्टी घेऊन तळ्यावर गेलो.

तळ्यात भीमाची म्हैस बसली होती. शिंगे, नाकपुड्या आणि पाठीचा थोडा कणा एवढेच वर होते. भीमा काठावर जाळे विणत होता.

मी विचारले, "ही कशात बसली आहे?"

"पान्यात."

"किती पाण्यात?"

"इचारून सांगतो," असे म्हणून तो विणतच राहिला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला दया आली असावी. "रोजच बसती की सायेब. उन्हाचं कुटं बसावं तिनं, तुमच्या हापिसात?"

मी त्याला बजावून सांगितले की सरकारी नव्हे पण तितक्याच भरवशाच्या हिशेबाने या तळ्यात आता तीन मिलिमीटर पाणी आहे. मिलिमीटर म्हंजी किती, असे त्याने विचारले. मी अंगठ्याच्या नखावर दाखवले. त्याने नखाकडे पाहिले, म्हशीकडे पाहिले, पुन्हा नखाकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हस लई बारीक झाली म्हनायची."

मग तो उठला, धोतर वर खोचले आणि चालत तळ्यात गेला. गुडघे गेले, मांड्या गेल्या, मधोमध कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून त्याने मला हात केला. मी काठावर बसलो, खिशातली पेन्सिल काढली आणि दहा मिनिटांत म्हातारा झालो. अहवालात डेकामीटरच्या डोक्यावर घनाचा जो बारीक तीन आहे तो नुसत्या मीटरचा नाही, दहा मीटरचा आहे. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, दहा मीटर उंच. ते दहा घनमीटर नव्हेत, एक हजार घनमीटर. लांबी दहापट झाली की घन हजारपट होतो, हे आपणच मला इंग्रजी चौथीत असताना शिकवले होते. पण नाव वाचल्यावर मला शिकवलेले आठवले नाही, नावच आठवले. पाणी दोनशे ऐंशी घनमीटर नाही, अठ्ठावीस हजार आहे. एकसष्ट लाख साठ हजार गॅलन. एक दिवसाचे नव्हे, शंभर दिवसांचे. गिरणी, रंगखाते आणि चाळ, सगळ्यांना जुलैअखेर पुरेल इतके.

पुढचेही कोष्टक मी तिथेच बसून तपासले, कारण हात थांबेना. दशघनमीटरात चूक शंभरपटीची होते. शतघनमीटर नावाने शंभर, खरे दहा लाख. चूक दहा हजारपटीची. सहस्रघनमीटर नावाने हजार, खरे एक अब्ज. चूक दहा लाखपटीची. इथे मी पेन्सिल खाली ठेवली. परमेश्वराची कृपा की आमच्या गिरणीचे तळे किलोमीटरभर नाही.

काल सहाच्या आत मी साहेबांना मुंबईला तार केली. हिशेब शंभरपटीने चुकला आहे, तळ्यात म्हैस बुडून बसते, नळ सोडण्यास परवानगी द्यावी. आज सकाळी दहाला उत्तर आले. उत्तराचा मराठी सारांश (तो आता मी जरा भीतभीतच करतो) असा: इंजिनियरचा अहवाल, छापील कोष्टक आणि तुमचा पहिला हिशेब एकमेकांशी जुळतात. पाहून अंदाज करू नये असे अहवालात स्पष्ट आहे, सबब म्हैस ग्राह्य नाही. कोष्टकात दोष असल्यास ग्रंथकर्त्याचे लेखी हवे. शनिवारी सकाळी पोचतो. इंजिनियरसाहेब समुद्रावर आहेत, त्यांना विचारण्याची सोय नाही. विणाईखात्याचे मास्तर साहेबांच्या गैरहजेरीत मुख्य आहेत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, तळ्यावर येऊन म्हैसही पाहिली, आणि म्हणाले की चिंतामणराव, मला दिसते आहे, पण मी पाहिले असे कुठे लिहू नका.

मग मी बसवराजकडे गेलो. नळाची मोठी चावी याच्या कमरेला असते. हा गोदामाचा आणि नळाचा, दोन्हींचा राखणदार. अक्कलकोटकडचा आहे, आकडे कन्नडात मोजतो आणि मराठीत सांगतो. अक्षरशत्रू आहे म्हणून मी त्याला समजेल असे उदाहरण घेतले. म्हटले, गोदामात कापसाच्या गाठींची थप्पी लावली, दहा गाठी लांब, दहा रुंद, दहा उंच, तर गाठी किती?

"हज्जार." त्याने तंबाखू मळणेही थांबवले नाही.

"दहा नव्हेत?"

"दहा म्हणून लिवून दिलं तर नऊशे नव्वद कुटं गेल्या म्हणून मला जेलात घालतील की."

"तसेच पाण्याचे झाले आहे बसवराज. हजारांचे मी दहा लिहिले. नळ सोडा."

त्याने तंबाखूची गोळी दाढेत ठेवली. "मला पटलं," तो म्हणाला. "कागद आणा."

मी म्हणालो, पटले आहे तर कागद कशाला? तो म्हणाला, "बंद कागदानं केलाय, कागदानंच सुटनार. मला पटून काय करता, चावी माझी हाय, नळ साहेबांचा."

तेव्हा या गिरणीत दहा दाहे दाहे किती हे ज्याला त्याला ठाऊक आहे. भीमाला आहे, बसवराजला आहे, म्हशीला तर प्रत्यक्ष अनुभव आहे. ठाऊक नव्हते ते फक्त ज्या दोघांनी पान ३१ वाचले त्यांना. हे मी आपल्याला लागावे म्हणून लिहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी आपण ही नावे घडवत होता तेव्हा पुस्तकाची शुद्ध प्रत मीच केली आहे, आणि 'स्वयंस्पष्ट' हा शब्द मीच सुचवला होता. चूक माझीच आहे. डेकामीटर हे मूळ नाव तसेच ठेवले असते तर मी ते काय आहे म्हणून शोधले असते. आपण नाव इतके सुंदर दिलेत की शोधावेसेच वाटले नाही. 'घन' हा शब्द 'दश'च्या आधी असता, घनदशमीटर, तर कदाचित मी थबकलो असतो. एवढा दोन अक्षरे मागेपुढे होण्याचा प्रश्न आहे.

आपले पुस्तक याच महिन्यात शाळांसाठी मंजुरीला समितीपुढे आहे हे मला माहीत आहे. अशा वेळी ही सगळी हकीकत आपल्या कानी घालावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला आणि घालायची नाही असे ठरवले होते. तरी लिहिता लिहिता लिहून झाली. आपणास कसलीही तसदी देण्याचा यात हेतू नाही. खोकल्याला ज्येष्ठमध चालू ठेवावे. गोदाक्कास नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मायेची पाखर आहेच, ती उद्या सकाळीही असू द्यावी.

आपला
चिंतामणी

ता. क. तसदी एकच आहे. सोबत तारेचा फॉर्म भरून ठेवला आहे. मजकूर इंग्रजीत आहे, अर्थ असा: 'माझ्या पुस्तकातील दशघनमीटर म्हणजे एक हजार घनमीटर, दहा नव्हेत. नाव दुहेरी अर्थाचे आहे, दोष नावाचा. वेणीमाधव, ग्रंथकर्ता.' सहीच्या आधीचे वाक्य गाळून चालेल का, असे आपण विचाराल. मीही विचार करून पाहिला. ते गाळले तर नाव बरोबर आणि क्लार्क चुकला असे होते. ते खरे असले तरी त्याने साहेबांचे समाधान होणार नाही, कारण छापील कोष्टकात दोष असल्याचेच त्यांना लेखी हवे आहे. ही तार समितीच्या कानावर जाऊ शकेल हे मी आपल्यापासून लपवत नाही. ती उद्या सकाळी सहाला जेऊर स्टेशनवरून सुटली तर नऊच्या आत इथे पोचते. स्टेशनमास्तरांशी कुंडलिक बोलेल.

दुसरे ता. क. नळ आज दुपारी एक वाजल्यापासून चालू आहे. बसवराजला कागद हवा होता, म्हणून मी त्याला कागद लिहून दिला. अक्षर माझे होतेच. या वेळी सहीही माझीच केली, खाली स्वतःचे नाव आणि हुद्दा स्वच्छ लिहिला, 'हुकुमावरून' असे मात्र कुठेही लिहिले नाही. त्याने कागद उलटा धरून नीट पाहिला आणि नळ सोडला. क्लार्कला असा अधिकार नाही हे त्याला चांगले माहीत आहे. तो म्हणाला, कागद मागितला होता, कुणाचा ते कुटं सांगितलं होतं. रत्नम्माने पहिली घागर भरली, ती घरात ठेवून परत आली आणि म्हणाली, "आता खरं कागदावर उतरलं म्हना की." हे मी प्रभाला अजून सांगितलेले नाही. तार आली नाही तर उद्या साहेब आल्याबरोबर नळ बंद होईल, आणि त्यानंतर मी आणि बसवराज दोघेही गाठोडी बांधणाऱ्यांत असू.

तिसरे ता. क. हे फक्त गोदाक्कासाठी. अक्का, हे पत्र दाजींच्या आधी तुझ्या हातात द्यायचे असे मी कुंडलिकला सांगितले आहे, तेव्हा तू आतापर्यंत सगळे वाचले असशीलच. पुस्तकाची प्रत करत होतो तेव्हा तू ताक वाढता वाढता म्हणाली होतीस, दशघन म्हटले की दहाच वाटतात. आम्ही दोघे हसलो होतो. दाजी आता म्हणतील की शब्द व्याकरणाने शुद्ध आहे, सोमवारपर्यंत विचार करू. शब्द शुद्ध आहे हे त्यांना मान्य करून टाक, वाद घालू नकोस. फक्त सही चहाच्या आधी घे. चहानंतर त्यांना मुद्दे सुचतात. मॅनेजरसाहेब साडेआठच्या मेलने उतरतील, मी फलाटावर असेन आणि त्यांना गिरणीपर्यंत पायी आणण्याचा प्रयत्न करीन. बारा वाजता भोंगा होणारच आहे. तो जेवणाच्या सुटीचा की शेवटचा, हे नऊपर्यंत ठरेल.